तात्याराव आणि माझं ते वाक्य

आमच्या प्रकाशनाला पन्नास वर्षं होणार म्हणून बापूरावांनी स्मरणिका काढायची ठरवली. बापूराव म्हणजे प्रकाशनाचे मालक. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सोवनी सर, लेखक मंडळींनी एकमेकांना ओवाळायला आठ पानं राखून ठेवली आहेत, तेवढी पुरेत. तुम्ही आपल्याकडच्या एखाद्या काम करणाऱ्या माणसावर लिहा."

मी म्हटलं, "तात्यारावांवर लिहितो."

"त्यांच्यावर काय लिहिणार? दहाला यायचे, दुसऱ्यांच्या चुका काढायचे, सहाला जायचे. चारशे शब्दांच्या वर जाऊ नका म्हणजे झालं."

चारशे शब्दांत बसवायचा मी प्रयत्न केला. 'कर्तव्यदक्ष', 'अबोल', 'हाडाचे मुद्रितशोधक' असं सगळं लिहून झालं आणि मग मी तो कागद फाडला, कारण त्यात एकही खोटा शब्द नव्हता आणि तरी सगळं खोटं होतं. आता जे लिहितोय ते स्मरणिकेत बसणारं नाही. ते लिहिताना मला लाज वाटते आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवू नये.

तात्याराव ओव्हाळ यांचा जन्म कुठल्या साली झाला हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. छप्पन साली वडिलांचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेलो होतो, एवढं आठवतं म्हणायचे. त्यावरून वय काढायचं. मॅट्रिक झाले, पुण्यात आले, एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. पुढे मराठी इतकं पक्कं झालं की बापूरावांनी त्यांना मुद्रितशोधनाला बसवलं. बुधवार पेठेत, खाली रेडिओ आणि टेपरेकॉर्डरची दुकानं आणि वर पहिल्या मजल्यावर आमचं कचेरीवजा गोदाम, तिथं खिडकीजवळच्या टेबलाशी त्यांनी सव्वीस वर्षं काढली. खालून दिवसभर कुणीतरी स्पीकर तपासून घेत असायचं. एकच गाणं अर्ध्यात तोडून पुन्हा पहिल्यापासून. तात्याराव त्या गोंगाटात प्रुफं वाचायचे आणि कधी वैतागायचे नाहीत. वैतागणं हा माझा प्रांत होता.

मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. एक्क्याण्णव सालानंतर सगळ्यांनाच घाई झाली. परदेशी कंपन्या येणार, नोकऱ्या बदलणार, स्पर्धा परीक्षांचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. बापूरावांनी हवा ओळखली आणि मला म्हणाले, भारताचा संपूर्ण इतिहास एका पुस्तकात द्या, पोरांना पाठ करता येईल असा. मी सहा महिन्यांत दिला. सहा महिन्यांत पाच हजार वर्षं. ते पुस्तक त्र्याण्णव साली आलं आणि मी जे काही आयुष्यात लिहिलं त्यातलं तेवढंच लोकांनी वाचलं.

त्यात दुसरं प्रकरण होतं 'भारतातील मानववंश'. शेवटच्या प्रकरणात मी राष्ट्रीय एकात्मतेवर फार गोड लिहिलं होतं, भारत म्हणजे अनेक वंशांचा गोफ वगैरे. दुसऱ्या प्रकरणात मात्र त्याच वंशांना वरपासून खालपर्यंत ओळीनं उभं केलं होतं. आर्य गोरे, उंच, सरळ नाकाचे. मग द्रविड. मग किरात. सगळ्यात शेवटी निषाद, आणि त्यांच्यापुढे हे वाक्य: 'निषाद वंशाचे लोक वर्णाने काळे, उंचीने ठेंगणे, बसक्या नाकाचे व बुद्धीने मंद असून, पुढे आलेल्या प्रगत वंशांची सेवा करणे हेच त्यांच्या वाट्यास आले, त्यांचे वंशज आजही गावोगावच्या खालच्या वस्त्यांत आढळतात.'

हे मी कुठून घेतलं? एका जुन्या मराठी क्रमिक पुस्तकातून. त्यानं कुठून घेतलं? कुठल्यातरी इंग्रज अधिकाऱ्याकडून. त्या काळी साहेब लोक हातात मोजपट्टी घेऊन माणसांची नाकं मोजत हिंडायचे आणि नाकावरून अक्कल ठरवायचे. बाकी सगळ्या बाबतीत इंग्रज कसा लबाड होता हे मी त्याच पुस्तकात दोनशे पानं सांगितलं होतं. या एका बाबतीत मी त्याला संदर्भसुद्धा विचारला नाही. त्यानं आमच्या नाकांना चांगले गुण दिले होते, ते परत कोण करणार?

प्रत्येक वंशाचं चित्र द्यायचं ठरलं. चित्रकार कचेरीत आला आणि म्हणाला, नुसत्या कल्पनेनं चेहरे काढले की सगळे सारखे येतात, समोर माणसं द्या. मी थट्टेच्या सुरात म्हटलं, "आर्य म्हणून माझाच काढा, घरचा आहे." सगळे हसले. मग त्यानं निषाद कोण ते विचारलं. मी खिडकीकडे हात केला आणि म्हणालो, "तात्यारावांना बसवा."

त्यांना मी एवढंच सांगितलं की पुस्तकात तुमचं चित्र येणार आहे. दुसऱ्या दिवशी ते पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून आले. केसांना तेल लावून मधोमध भांग. चंपावहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, शर्टाच्या खिशाला फाउंटन पेन लावून पाठवलं होतं. अर्धा तास ते हात मांडीवर ठेवून, खालच्या रेडिओकडे कान न देता, ताठ बसून राहिले. चित्रकारानं चेहरा तेवढा घेतला. शर्ट आणि पेन त्यानं घेतलं नाही. छापलेल्या चित्रात उघडं अंग होतं, कमरेला पान, हातात धनुष्य.

आता प्रुफं वाचायची आमची पद्धत सांगतो. दोन माणसं समोरासमोर बसतात. एकजण मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचतो, विरामचिन्हांसकट. दुसरा छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत पडताळून पाहतो. आमच्याकडे वाचण्याचं काम रुपाली नावाची मुलगी करायची. त्या दिवशी ती आली नव्हती आणि पानं संध्याकाळपर्यंत छपाईला जायची होती. बापूराव म्हणाले, "सर, तुमचा आवाज फुकट जातोय, तुम्हीच वाचा."

मग मी वाचलं. वर्गात वाचायचो तसं, ठसक्यात. समोर तात्याराव, त्यांच्यापुढे ते पान, पानावर त्यांचाच चेहरा. "निषाद वंशाचे लोक वर्णाने काळे, स्वल्पविराम, उंचीने ठेंगणे, स्वल्पविराम, बसक्या नाकाचे व बुद्धीने मंद असून, स्वल्पविराम." मी हे सगळं वाचलं. एकदाही वर पाहिलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी पाहिलं. ते पेन्सिल टोकाला धरून ओळीखालून नेत होते. शब्द चुकू नये म्हणून ओठ हलत होते. 'वाट्यास' हा शब्द खिळे जुळवणाऱ्यानं खाल्ला होता, तो त्यांनी समासात लिहून दिला. वाक्य पुरं झालं तेव्हा त्यांनी समासात अजून एक शब्द लिहिला, 'संदर्भ?', आणि कागद माझ्याकडे फिरवला.

मुद्रितशोधकाला मजकुराला हात लावायचा अधिकार नसतो. तो फक्त विचारू शकतो. लेखकानं उत्तर द्यायचं. मी त्यांच्या पेन्सिलीनंच त्याखाली लिहिलं, 'मूळप्रमाणे ठेवा.'

"ठीक आहे सर," म्हणाले, आणि पुढचं पान घेतलं.

मला त्या वेळी काही वाटलं नाही. लोक म्हणतील की आतून काहीतरी टोचलं असेल. नाही टोचलं. मला भूक लागली होती आणि बापूरावांनी मागवलेले बटाटेवडे गार होत होते.

पुस्तक धो धो खपलं. दर वर्षी पुनर्मुद्रण. दर पुनर्मुद्रणाला प्रुफं तात्यारावांकडे जायची आणि दुसऱ्या प्रकरणाच्या त्याच ओळीपाशी तोच शब्द पेन्सिलीनं लिहून यायचा, 'संदर्भ?' मी दर वेळी तेच उत्तर लिहायचो. कचेरीत तो विनोदाचा विषय झाला. मी म्हणायचो, "तात्याराव, तुमची शंका चिरंजीव आहे." तेही हसायचे. कसे हसायचे ते मी पाहत नव्हतो.

चौऱ्याण्णव साली एकदा ते जिन्यात थांबले. म्हणाले, "सर, आमची दीपाली आठवीत गेली. शाळेनं तुमचं पुस्तक पूरक वाचनाला लावलंय."

"वा!" मी म्हटलं. "मग तिला दाखवा की बापाचं चित्र."

हे मी बोललो. अक्षरशः असंच. कुणी दुसऱ्यानं बोललेलं मी इथं लिहीत असतो तर त्याला चार शिव्या घालून पुढे गेलो असतो.

तात्याराव म्हणाले, "तिच्या पुस्तकातली ती दोन पानं खळीनं चिकटवलीत सर." मग एक पायरी खाली उतरून, जणू माझी समजूत घालायला, म्हणाले, "बाकी पुस्तक चांगलं आहे."

वर्गातल्या बाकीच्या चाळीस पोरांच्या पुस्तकांना खळ कोण लावणार होतं? हे दीपालीनं मला पुष्कळ वर्षांनी विचारलं. तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मधल्या सुट्टीत एका मुलीनं पान उघडून तिच्यापुढे धरलं होतं. घरी तिनं काही सांगितलं नाही, कारण वडिलांनी एवढ्या मेहनतीनं चिकटवलं होतं.

नव्व्याण्णव का दोन हजार साली मी एका चर्चासत्राला गेलो. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची प्राध्यापक मंडळी तिथं बोलत होती की वंशांची ही सगळी उतरंड बनावट आहे, राज्य करणाऱ्यांच्या सोयीची आहे, आणि आपल्या राष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती मुकाट्यानं उचलली. एकानं उदाहरणादाखल माझं वाक्य पडद्यावर दाखवलं. नाव झाकलं होतं. लोक हसले. मीही हसलो, म्हणजे कुणाला कळू नये म्हणून. चहालाही न थांबता मी रिक्षा धरून घरी आलो. तो पश्चात्ताप होता असं मी पुढे बरीच वर्षं धरून चाललो. ती भीती होती.

दोन हजार दोनच्या आवृत्तीत मी ते प्रकरण काढलं. चित्रं काढली, वाक्य काढलं, पानं नव्यानं जुळवून घेतली. आता मजकूर संगणकावर असल्यामुळे काढणं सोपं होतं, जिथं होतं तिथं खूणसुद्धा उरली नाही. प्रस्तावनेत एक ओळ टाकली, 'काही कालबाह्य मजकूर वगळला आहे.' आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की कचेरीत मुद्दाम तात्यारावांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. आभाराची वाट पाहत होतो म्हणा ना.

ते त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं. आमच्या पुस्तकाचं हे त्यांच्या हातून जाणारं शेवटचं प्रूफ. त्यांनी प्रस्तावनेचं पान माझ्यापुढे ठेवलं. त्या ओळीपाशी लिहिलं होतं, 'कोणता? का?'

"तात्याराव, काढलं ना आता? अजून काय?"

ते उठून उभे राहिले. माझ्याशी बोलताना ते नेहमी उभे राहायचे. "सर, काढलंत ते बरं केलंत. पण नऊ वर्षं पोरांनी ते पाठ केलंय. पुस्तकातनं काढलं म्हणून त्यांच्या डोक्यातनं जाणार नाही. आपण दोन ओळी लिहा, की ते चुकीचं होतं. आपण लिहिलंत तर खरं धरतील. मी सांगून कोण ऐकणार?"

"प्रस्तावना वाचतं कोण?"

"मी वाचतो सर."

"अहो, लेखकानं आपल्याच हातानं आपली अब्रू काढायची का?" मी जरा चढ्या आवाजात बोललो. रुपालीनं वर पाहिलं. "आणि 'चुकीचं' कशाला? त्या काळी सगळे तसंच लिहायचे. कालबाह्य म्हटलं की झालं."

सव्वीस वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. दोन ओळी. मी पेन्सिल घेतली आणि नेहमीचं उत्तर लिहिलं. ते "ठीक आहे सर" म्हणाले नाहीत. पान गठ्ठ्यात ठेवलं, सुतळी बांधली आणि खाली स्पीकर तपासणं चालू असताना जिना उतरून घरी गेले.

नंतर तीन वर्षं भेट नाही. दीपाली इंजिनियर झाली, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, धायरीला त्यांनी फ्लॅट घेतला, एवढं कानावर आलं. दोन हजार पाच साली तिचाच फोन आला. बाबा धायरीतल्या विहाराच्या सभागृहात परीक्षांना बसणाऱ्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग घेतात, मराठी आणि इतिहास. त्याला वर्ष झालं म्हणून छोटा कार्यक्रम आहे, प्रमुख पाहुणे म्हणून तुम्ही यावं अशी बाबांची इच्छा आहे. "मी नको म्हणत होते, सर," ती म्हणाली. "खरं तेच सांगते. पण बाबांना वाटतं तुम्ही यावं."

मी गेलो. मान मिळणार असेल तिथं मी जातोच. सतरंजीवर तीसेक मुलंमुली. कुणी दिवसा कारखान्यात जाणारं, कुणी लातूर-नांदेडकडून येऊन खोली करून राहिलेलं. तात्याराव पुढच्या ओळीत, पांढऱ्या शर्टात. त्यांनी माझी ओळख करून दिली, यांच्या पुस्तकामुळे मी इतिहास शिकलो, असं म्हणाले.

मग सृष्टी नावाची एक मुलगी उठली. काळीसावळी, ठेंगणी, चुणचुणीत. ती त्या आठवड्यातच वर्गाला आली होती. मला म्हणाली, "सर, मी गावाकडे तुमच्या पुस्तकाची झेरॉक्स वाचूनच प्रिपरेशन केलं. अख्खं पाठ आहे. कुठलंही पान विचारा."

मी हसून म्हटलं, "म्हण तुला आवडेल ते."

तिनं दुसरं प्रकरण घेतलं. आर्य म्हटले, द्रविड म्हटले, किरात म्हटले. एक शब्द अडला नाही. आणि मग स्वच्छ, मोठ्या आवाजात, पाहुण्यांना दाखवायच्या उत्साहात, ती निषादांवर आली. वर्णाने काळे. बसक्या नाकाचे. बुद्धीने मंद. गावोगावच्या खालच्या वस्त्यांत आढळतात. मागे कुणीतरी खाकरलं. एकदोन मुलांनी माना खाली घातल्या. तिला काही कळलं नाही. तिला ते तिच्याबद्दल आहे असं वाटलंच नव्हतं, ते फक्त दोन मार्कांचं उत्तर होतं. ती संपवून माझ्याकडे पाहत उभी राहिली.

तात्यारावांनी माझ्याकडे मान वळवली. रागानं नाही. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलाकडे मास्तर पाहतात तसं पाहिलं. आता दोन ओळी लिहायच्याही नव्हत्या, नुसत्या म्हणायच्या होत्या. 'बाळ, ते मी चुकीचं लिहिलं.' पाच शब्द. माईक माझ्या हातात होता.

मी म्हणालो, "उच्चार फार स्पष्ट आहेत."

मग तात्याराव उठले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला, हळूच, मला न दुखावता, आणि मुलांना म्हणाले, "हे वाक्य चुकीचं आहे. सगळ्यांनी ध्यानात घ्या. असे वंश नसतात आणि नाकावरून बुद्धी ठरत नाही. सरांनी हे वाक्य कधीच मागं घेतलंय. चूक झाली म्हणून नव्या आवृत्तीत छापायलाही त्यांनी मला सांगितलं होतं. ते छापायचं माझ्याकडून राहिलं. प्रुफं मीच वाचायचो. दोष माझा आहे."

भिंतीशी उभी असलेली दीपाली बाहेर निघून गेली.

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होय, असंच झालं, अशी.

टाळ्या झाल्या, चहा आला. मी कप घेऊन तात्यारावांच्या शेजारीच उभा होतो तेव्हा ती मुलगी आली. चांगलीच चिडली होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "काका, असं कसं राहिलं तुमच्याकडून? मी तीन वर्षं ते घोकलं. गावाकडं माझ्या धाकट्या बहिणीकडून पाठ करून घेतलं. एवढी मोठी मिस्टेक कुणी ठेवतं का?"

"चुकलं बाळ," तात्याराव म्हणाले. "माझ्याकडून राहिलं."

मी चहा पीत होतो.

तात्याराव मागच्या वर्षी गेले. सृष्टी कुठं आहे मला ठाऊक नाही, परीक्षा पास झाली का तेही ठाऊक नाही. हे तिच्यापर्यंत पोचलं तर तिनं बहिणीलाही सांगावं. त्यांच्याकडून काही राहिलं नव्हतं, सृष्टी. त्यांनी नऊ वर्षं विचारलं होतं आणि शेवटी उभं राहून मागितलं होतं. मी नाही म्हणालो होतो.